अंगठा दुमडून ठेवा

माझ्या वर्गात प्रश्न विचारला की कुणी बोलत नाही. सगळी पोरं हात वर करतात आणि बोटं दाखवतात. एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा, चार म्हणजे चौथा. अंगठा दुमडून तळहातावर ठेवायचा, कारण पर्याय चारच असतात. मी फळ्यापाशी उभा राहून पन्नासेक हातांवरून नजर फिरवतो आणि कोण चुकलं ते मला लगेच कळतं. मी 'हात खाली' म्हणेपर्यंत एकही हात खाली येत नाही. ही पद्धत माझी स्वतःची आहे. ती मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवली नाही. उलट एका प्रशिक्षणात मलाच पुढं बोलावून ती बाकीच्या शिक्षकांना करून दाखवायला लावली. चाळिशी ओलांडलेली माणसं अंगठे दुमडून बसलेली मी पाहिली आहेत.

गारखेड्यातल्या एका शाळेत मी सातवी-आठवीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. स्वभावानं मी भांडखोर नाही. लोक ज्याला समजूतदार म्हणतात तसा आहे, आणि समजूतदार माणसाच्या हातून जेवढं नुकसान होऊ शकतं तेवढं माझ्या हातून झालेलं आहे.

पूर्वी आमच्या आठवीचा एक रिवाज होता. प्रत्येक मुलानं दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसायचं, त्याला दहा प्रश्न विचारायचे आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत फुलस्केप कागदावर लिहून आणायचं. आम्ही त्याला 'विचारपूस' म्हणायचो. एक प्रश्न सगळ्यांना सक्तीचा होता: तुम्ही गाव का सोडलं? बाकीचे ज्याचे त्यानं ठरवायचे. या शहरात, त्यातही आमच्या भागात, मूळचा इथलाच असा म्हातारा शोधून सापडत नाही, त्यामुळं हा प्रश्न सगळ्यांना लागू पडायचा.

एका मुलीच्या दादीनं सांगितलं होतं की ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या शाळेच्या जागी ज्वारी उभी असायची. एका मुलाचे आजोबा हिशेब मराठीत लिहायचे, पण पाढे उर्दूत म्हणायचे, कारण ते उर्दू शाळेत शिकले होते. एका आजीनं दहाही प्रश्नांना 'मला काय माहीत, ह्यांना विचार' एवढंच उत्तर दिलं, आणि नातवानं ते दहा वेळा प्रामाणिकपणे लिहून आणलं. तो कागद मी दरवर्षी वर्गात वाचायचो. पोरं आधी हसायची. मग कुणीतरी विचारायचं की हे 'ह्यांना' म्हणजे कोण, आणि आजीला का माहीत नाही. तेवढ्यावर तास संपायचा. त्या दिवशी मी पुस्तक उघडत नसे आणि मला त्याचं काही वाटतही नसे.

कागद आले की मी त्यांवर तारीख टाकायचो आणि गठ्ठा बांधून कपाटात ठेवायचो. गुण द्यायचो नाही. माणूस आपल्या आयुष्याबद्दल सांगतोय, त्याला दहापैकी सात कसे द्यायचे, असा माझा तेव्हाचा रुबाब होता.

मग चाचण्या आल्या. परीक्षा काय, पूर्वीही होत्याच. पण त्यांचे पेपर आम्हीच काढायचो. आता राज्यभर एकाच दिवशी एकच पेपर, गुण ऑनलाइन भरायचे, आणि कुठली शाळा कुठं आहे ते वरपर्यंत सगळ्यांना दिसणार. सातवीच्या चाचणीत भाषा, गणित आणि इंग्रजी होतं, इतिहास-भूगोल नव्हता. म्हणून सातवीचे माझे तास गणिताच्या सरावाला गेले. आठवीला शिष्यवृत्तीची परीक्षा होती, त्यात माझ्या विषयाचे भरपूर प्रश्न होते, चार पर्याय आणि काळा करायचा गोल. म्हणून ते तास माझ्याकडंच राहिले आणि मी त्यांत सराव घ्यायला लागलो. सातवीत विषय परीक्षेत नव्हता म्हणून गेला, आठवीत होता म्हणून गेला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं तेव्हा त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "सर, तुमची ती विचारपूस आपण परीक्षेनंतर ठेवू," त्या म्हणाल्या. "बंद नाही करायची. फक्त परीक्षेनंतर." मी मान डोलावली. परीक्षा डिसेंबरात. तिच्यानंतर स्नेहसंमेलन, मग घटक चाचणी, मग उजळणी, मग वार्षिक. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी विचारपूस आणली, दुसऱ्या वर्षी सहा जणांनी. नंतर मी मागणंही सोडलं. कपाटात सराव पुस्तिका आल्या आणि गठ्ठे एका जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळून कपाटावर गेले.

मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर मला निकाल आवडायला लागले. बोटांची पद्धत मला त्याच वर्षी सुचली आणि आमच्या शाळेची मुलं शिष्यवृत्तीच्या यादीत दिसायला लागली. पालक रस्त्यात थांबवून बोलू लागले. विचारपूस वाचून मला कधी कुणी रस्त्यात थांबवलं नव्हतं. मी दोनच नियम घालून दिले होते. अंगठा दुमडलेला पाहिजे. आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत, येत नसेल तर अंदाजानं गोल काळा करा, पण कोरा सोडू नका.

गेल्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडं. हुशार होती, पण तिचं हुशारपण आधी पेपरात उतरत नसे, कारण ती प्रत्येक प्रश्नावर विचार करत बसायची. शहराला पाणी कोण पुरवतं, या प्रश्नाला महानगरपालिका हा पर्याय समोर असताना तिनं बोटंच वर केली नव्हती. का, तर म्हणे आमच्या गल्लीत टँकर येतो आणि टँकर पर्यायांत नाही. वर्ग हसला. मी तिला तासानंतर थांबवून समजावलं की पेपर काढणाऱ्याला तुझी गल्ली माहीत नसते. त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. तिनं ते फार लवकर शिकून घेतलं.

तिचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता आणि त्यानं विचारपूस केली होती, शेजारच्या एका म्हातारीची. त्यामुळं तिला तो रिवाज ठाऊक होता. जुलैत ती मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "सर, आमचे आबा लई थकलेत. विचारपूस आत्ताच करून आणू का?"

आबा म्हणजे तिचे आजोबा. तिच्याच घरात राहायचे.

"डिसेंबरनंतर," मी म्हणालो. "आधी परीक्षा."

गणपती उठल्यावर ती पुन्हा आली. "सर, आबांनी तुमचं गाव इचारलं. मी सांगितलं. ते म्हणतेत, सरांला घरी घेऊन ये. गाव कामून सोडलं ते मी त्यांलाच सांगतो."

माझं गाव म्हणजे पिशोरच्या बाजाराला जाणारं एक लहान खेडं आहे. तिच्या आबांचंही तेच निघालं. मी तिला म्हणालो, "परीक्षा झाली की नक्की येतो म्हणून सांग." ती "व्हय सर" म्हणून गेली. गारखेड्यातच घर, शाळेपासून चालत दहा मिनिटं. मी जाऊ शकलो असतो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मी का गेलो नाही त्याला सराव हे एक कारण होतं. दुसरं कारण मला तेव्हाही कळत होतं, फक्त मी त्याकडं कानाडोळा केला. आमच्या घराला गावात जमीन आहे, आजही आहे. ती मुलगी बौद्ध. माझ्या लहानपणी गावाच्या पूर्वेला पडक्या भिंतींची एक ओळ होती आणि तिथं बोरं चांगली मिळायची. इथं कोण राहायचं, असं मी एकदा आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्यांनी दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली. मग आपण बी त्यांला रानात बोलवायचं बंद केलं. गेले उठून." आजोबांनी ते पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि मीही तसंच ऐकलं. पुढं मी इतिहासाचा शिक्षक झालो, शेकडो पोरांना घरच्या म्हाताऱ्यांकडं पाठवलं, पण हे वाक्य कुठल्या कागदावर लिहावं असं मला कधी वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ती मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली. आबांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. कळत सगळं होतं, असं ती म्हणाली, फक्त सांगता काही येत नव्हतं. लिहून दाखवणार कसं, ते शाळेत कधी गेलेच नव्हते.

मी तिला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सराव किती बुडाला?" तिनं दप्तरातून पुस्तिका काढून दाखवली. दवाखान्यात बसून तिनं चारही दिवसांचे पेपर सोडवले होते. मी तिला शाबासकी दिली. हे आठवलं की मला लाज वाटते. त्या वेळी वाटली नव्हती.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेची सात मुलं यादीत होती आणि ती त्यांत पहिली होती. शाळेत छोटा कार्यक्रम झाला. तिला पुष्पगुच्छ, मला शाल आणि नारळ. मोठ्या बाई भाषणात बोटांच्या पद्धतीबद्दल बोलल्या आणि समोरच्या पोरांनी न सांगता हात वर करून चार बोटं दाखवली. सगळे हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात फुलस्केप कागद होता.

"सर, विचारपूस," ती म्हणाली. "तुम्ही म्हणले होते परीक्षेनंतर."

मी कागद घेतला. तो विचारपुशीसारखा दिसत नव्हता. दहा प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली कंसात आकडे घालून चार पर्याय. उजवीकडं उत्तराचा रकाना.

"आबा बोलत नायत ना," ती म्हणाली. "पण डावा हात चालतो. मग मी पर्याय वाचून दाखवले अन् त्यांनी बोटं दाखवली."

मी वाचायला लागलो. लहानपणी काय खायचात: ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू. उत्तर एक. शहरात पहिलं काम कोणतं: शेती, बांधकाम, कारखाना, व्यापार. उत्तर दोन. बरोबर असणार. आमच्या भागातली निम्मी घरं अशाच माणसांनी बांधली आहेत. प्रश्न नेटके होते, पर्याय पुस्तकातून घेतलेले, अगदी माझ्या पेपरांसारखे. सातवा प्रश्न सक्तीचा होता. तुम्ही गाव का सोडले? एक, दुष्काळ. दोन, रोजगार. तीन, शिक्षण. चार, विवाह. पाठ्यपुस्तकात स्थलांतराच्या धड्यात कारणं याच क्रमानं दिली आहेत. उत्तराच्या रकान्यात पेन्सिलीनं दोन लिहिलेलं होतं आणि त्याखालचा कागद खोडरबरानं घासून पातळ झाला होता.

"हे खोडलंय का?" मी विचारलं.

"सर, तिथं त्यांनी अंगठा दाखवला."

"अंगठा?"

"नुसता अंगठा. बाकीची बोटं मिटलेली. मी म्हणलं, आबा, अंगठा चालत नाय, चारातलं सांगा. मी त्यांचा अंगठा धरून दुमडला. त्यांनी परत काढला. तीनदा दुमडला सर, तीनदा काढला. पप्पांला इचारलं. ते म्हणले, आम्हाला काय नाय माहीत, त्यांनी कवाच नाय सांगितलं. मग कोरा सोडायचा नाय म्हणून मी दोन लिहिलं."

खोलीत गणिताचे सर डबा खात होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खायला लागले. एका अर्थानं तिचं उत्तर बरोबरच होतं. गावात काम मिळेना म्हणून माणूस शहरात आला, तर उत्तरसूचीत रोजगारच येणार. या उत्तराला परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. मी तिला तसं सांगू शकलो असतो आणि तिचं समाधानही झालं असतं, कारण बरोबर काय ते ती माझ्यावरूनच ठरवायला शिकली होती.

"हे दोन खोड," मी म्हणालो. माझ्या टेबलावरचा खोडरबर तिला दिला.

तिनं खोडलं. "कोरा ठेवू, सर?"

"आत्ता ठेव. रविवारी मी घरी येतो."

रविवारी सकाळी गेलो. तिचे वडील बिडकीनकडं एका कंपनीत असतात, त्यांची पहिली पाळी होती. आईनं खुर्ची दिली आणि चहा ठेवला. भिंतीवर विहाराचं कॅलेंडर होतं आणि त्याखाली खाटेवर आबा उशीला टेकून बसले होते. वाटलं होतं त्यापेक्षा लहानखुरे निघाले. नातीनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आबा, सर आलेत. तुमच्या गावचे." मी माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग पाहणं थांबवलंच नाही.

मी इकडचं तिकडचं बोललो. गावात आता डांबरी रस्ता झालाय, पूर्वेकडचं बोरीचं झाड अजून आहे. बोरी म्हटल्यावर त्यांचा डावा हात चादरीवर हलला. चहा आला, मी प्यायलो. निघावं असंही मनात येऊन गेलं. मग ती मुलगी कागद आणि पेन्सिल घेऊन खाली बसली आणि तिनं सातवा प्रश्न काढला.

"सर, पाचवा पर्याय काय लिहू?"

मी आजवर हजारो पर्याय तयार केले आहेत. माझे चुकीचे पर्याय असे असतात की हुशार पोरंही फसतात. बरोबर पर्यायाला मला कधी वेळ लागला नव्हता, तो पुस्तकात आयता असायचा. हा मला माझ्या घरातून आणावा लागणार होता, आणि तो बोलता न येणाऱ्या माणसासमोर, त्याच्या नातीला सांगावा लागणार होता. जुलैत आलो असतो तर त्यांनीच सांगितला असता.

"लिही," मी म्हणालो. "गावानं काम देणं बंद केलं."

चार पर्यायांखाली जागा नव्हती, म्हणून तिनं समासात आडवं लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "गावानं म्हणजे कुणी, सर?"

असा प्रश्न विचारायला मी तिला शिकवलेलं नव्हतं. तो तिचा स्वतःचा होता.

"जमीनवाल्यांनी," मी म्हणालो. "आमच्या घरानंही."

तिची आई चहाचा कप उचलत होती, तिनं तो परत खाली ठेवला. मुलीनं तेही लिहिलं. मग ती आबांकडं वळली आणि मी वर्गात वाचतो त्याच चालीवर, प्रत्येक पर्यायानंतर थोडं थांबत, प्रश्न पुन्हा वाचला. एक, दुष्काळ. दोन, रोजगार. तीन, शिक्षण. चार, विवाह. पाच वाचताना तिचा आवाज जरा हळू झाला, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं.

आबांनी डावा हात उचलला. आधी अंगठा बाहेर आला. मग एकेक करत बाकीची चारही बोटं उघडली.

वर्गात मी 'हात खाली' म्हणेपर्यंत हात खाली येत नाहीत. आबांसमोर मला ते म्हणता येईना. पाच बोटं माझ्याकडं करून ते बसून राहिले, त्यांनी हात खाली घेतला नाही. नातीनं रकान्यात पाच लिहिलं, पेन्सिल बाजूला ठेवली, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून खाली ठेवला.